पहिली कादंबरी आली, आता पुढे?

अभिनंदन! वाचकाचा फोन आला की त्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत वहीत उतरवा. "छान आहे" सोडून द्या, "चौथ्या प्रकरणानंतर आजी गेली कुठे?" हे खरं सोनं. फेसबुकवर टाकण्याआधी त्याला विचारा, आणि एखादी तक्रारही टाका. नुसत्या कौतुकावर कोणी विश्वास ठेवत नाही.

नव्यांच्या ठरलेल्या चुका:
- फुकट प्रती वाटणं. मी ४० वाटल्या, वाचल्या तिघांनी. (एक आमची आत्या.)
- टीकाकाराशी भांडणं.

दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात मात्र प्रत जरूर द्या. १८९८ पासूनची संस्था आहे. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपास वाचनाचे कार्यक्रम होतात. त्यासाठी दहा मिनिटांचा उतारा आत्ताच मोठ्याने वाचून, घड्याळ लावून बसवा. पैसे देऊन जाहिरात वगैरे सध्या नको.