‘ध्येयवादी’ सॉफ्टवेअर आणि गरजेचं मूळ

प्रश्न : ‘गोल-ओरिएंटेड रिक्वायरमेंट्स इंजिनिअरिंग’ला ‘ध्येयवादी आवश्यकता अभियांत्रिकी’ म्हणावं का? आणि त्यातल्या ‘सॉफ्टगोल’ला काय म्हणावं?

उत्तर : ध्येयवादी माणूस असतो, तत्त्वासाठी नोकरीवर लाथ मारणारा. सॉफ्टवेअरने काय करावं हे त्यामागच्या हेतूवरून ठरवण्याच्या पद्धतीला हे विशेषण लावणं आता थांबवा. ‘उद्दिष्टकेंद्री’ म्हणा आणि मोकळे व्हा.

खरी गंमत पुढच्या शब्दात आहे. ‘आवश्यकता’ काढा, ‘गरज’ घाला. अरबी ‘घरद’ म्हणजे नेमबाजाचं लक्ष्य, त्यावरून हेतू. फारसी तोंडी त्यातला ‘द’ ‘ज़’ झाला आणि आपल्याकडे आली ती ‘गरज’. (ढगांच्या गरजण्याशी नातं नाही; ते संस्कृत ‘गर्ज्’.) म्हणजे गरजेच्या पोटात उद्दिष्ट आधीपासूनच आहे! ही अख्खी विद्याशाखा वेगळं काय सांगते?

शिरेतून औषध देणारा पंप घ्या. मागणी येते, ‘गजर हवा’. कशासाठी? नळीत हवा आली की नर्सला कळावं म्हणून. ते कशासाठी? बुडबुडा शिरेत जाऊ नये म्हणून. हे उद्दिष्ट. आता उलट उतरा : कसं? एक, संवेदकाने हवा ओळखताच पंपाने स्वतः थांबावं. दोन, नुसता गजर व्हावा आणि नर्सने येऊन नळी बंद करावी. अॅक्सेल व्हान लॅम्सवेर्डे आणि सहकाऱ्यांच्या काओस पद्धतीत (मूळ लेख १९९३चा) उद्दिष्ट फोडत जातात ते एकेका कर्त्याच्या पदरात पडेपर्यंत. सॉफ्टवेअरच्या पदरात पडली ती गरज, माणसाच्या पदरात पडली ती निव्वळ अपेक्षा. नर्स दुसऱ्या रुग्णापाशी अडकली की दुसरा मार्ग कोसळतो, आणि दोष कोडमध्ये शोधून सापडत नाही. म्हणून फोडत फोडत उरलेल्या प्रत्येक शेवटच्या उद्दिष्टाशी ‘हे कशाने फसेल?’ विचारायचं; त्या उत्तरांना अडथळे म्हणतात.

परिभाषेचे सोवळे राखणदार ‘गरज परकी’ म्हणून ‘आवश्यकता’ पुढे करतात. ‘अवश्य’ म्हणजे जे वश होत नाही, टळत नाही. इथे तर गजर टळला, पंपाचं थांबणं निवडलं! पर्यायांतून निवडलेल्या गोष्टीला ‘अटळ’ म्हणायचं, हे कसलं शुद्ध मराठी?

शिवाय ‘आवश्यकता भागली’ म्हणताना जीभ अडखळते. गरज मात्र भागते. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमनने १९५६मध्ये ‘सॅटिस्फाइस’ हे क्रियापद वापरलं, सर्वोत्तम नको, पुरेसं झालं की थांबायचं या अर्थाने. संगणकशास्त्रज्ञ जॉन मायलोपॉलस मंडळींनी १९९२मध्ये ते सॉफ्टवेअरच्या गुणांना लावलं. आपलं ‘भागणं’ तेच तर सांगतं.

हां, सॉफ्टगोल. ‘मऊ ध्येय’ लिहिणाऱ्यांनी ते उशाला घ्यावं. ‘गजर कटकटीचा वाटू नये’ याला हो-नाही अशी कसोटी नसते. एखादा पर्याय त्याला हातभार लावतो, एखादा मारक ठरतो, एवढंच मांडता येतं. ‘भागतं उद्दिष्ट’ म्हणा.