विधानसभा लढवायची आहे, पण आधी काय हाती घ्यायचं?

निवडणुकीचे वारे वाहू लागले की इंदूरमध्ये माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या इच्छुकांच्या तोंडी एकच काळजी असते: "मागण्या संपत नाहीत, झोप उडाली आहे, नेमका कशाला हात घालू?" कधी ते स्वतः येतात, कधी घरचे घेऊन येतात. एका माजी पार्षद (नगरसेविका) बाईंच्या बैठकींतून याचं उत्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बाईंच्या हातात जाड वही होती. तीन दिवसांआड येणारं पाणी, तुंबलेलं चेंबर, बंद स्ट्रीट लाइट, अवैध कॉलनी, मुलाची नोकरी, दवाखान्यात डॉक्टर नाही. जो जे बोलला ते सगळं उतरवलेलं.

"यातलं सर्वांत महत्त्वाचं कोणतं?"

"सगळंच, मॅडम. एकाला नाही म्हटलं की त्याचं अख्खं घर दुरावतं."

त्यांची झोप याच वाक्याने उडवली होती. कुणीही नाराज होता कामा नये, ही अट त्यांनी स्वतःवर लादून घेतली होती. अशी अट मनात असेपर्यंत प्राधान्यक्रम लावताच येत नाही, हे माझं ठाम मत आहे. पण ते सांगून पटत नाही. म्हणून 'महत्त्वाचं कोणतं' हा प्रश्न बाजूला ठेवून प्रत्येक ओळीपुढे फक्त 'हे काम कोणाचं?' एवढंच लिहायला सांगितलं.

पार्षद राहिलेल्या, त्यामुळे पेन अडलं नाही. पाणी, निगम (म्हणजे महापालिका). चेंबर, निगम. लाइट, निगम. चौथ्या पानावर हात थांबला.

"मग मी भोपाळला जाऊन करणार काय?"

मी काही बोलले नाही. हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारणं गरजेचं होतं. थोड्या वेळाने त्या वही उलटी चाळू लागल्या आणि तीन ओळींभोवती गोल केले: अवैध कॉलन्यांचे नियम, शहराचा मास्टर प्लॅन, सरकारी दवाखान्यातली रिकामी पदं. तिन्हींच्या चाव्या राज्य सरकारकडे आहेत. 230 आमदारांचं सभागृह कायदे करतं, बजेट मंजूर करतं, मंत्र्यांना प्रश्न विचारतं. उमेदवाराने शब्द द्यायचा तो एवढ्याच आवाक्यातला. त्या दिवशी बाईंचा आवाज पहिल्यांदा खाली आला, घाई गेली. अशी बैठक मला फार मोलाची वाटते.

मुद्दे निवडताना तीन कसोट्या लावा: विषय राज्याच्या अखत्यारीत आहे का, पाच वर्षांत फरक दिसेल का, आणि त्यातलं तुम्हाला स्वतःला कळतं का. तिन्हींत उतरतील ते दोन-तीन मुद्दे पुरेत. बाकी मागण्यांसाठी एक वाक्य घोटून ठेवा: "हे निगमचं काम आहे, अर्ज कुठे द्यायचा ते सांगते." बाईंकडून ते मोठ्याने म्हणवून घेतलं. पहिल्यांदा त्यांनी पुढे "पण बघते मी" जोडलं. ती शेपूट तोडायला दोन बैठका गेल्या. तिच्यातूनच खोटं आश्वासन जन्मतं.

पैशाची भीती बहुतेक घरात आतल्या आत असते. मध्य प्रदेशात विधानसभा उमेदवाराची खर्चमर्यादा 40 लाख आहे. ती कमाल मर्यादा. तेवढा खर्च करायलाच हवा असं नाही. घरच्यांसोबत बसून आपला आकडा तिकीट मागण्याआधी ठरवा, आणि दागिने त्याबाहेर ठेवा. अनामत 10,000 रुपये (अनुसूचित जाती-जमातींसाठी 5,000). वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर ती जप्त होते. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणूक खर्चाचं वेगळं बँक खातं उघडावं लागतं. अर्जासोबतच्या शपथपत्रातला एकही रकाना कोरा सोडू नका, काही नसेल तिथे 'निरंक' लिहा. कोऱ्या रकान्यांवरून अर्ज फेटाळला जाऊ शकतो. अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा प्रस्तावक (उमेदवाराचं नाव सुचवणारे मतदार) लागतात.

हिशेबाचं रजिस्टर प्रचारात फिरणाऱ्या माणसाकडे देऊ नका. घरात बसून रोजच्या रोज बिलं लावणारा वेगळा माणूस नेमा. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब जमा करावा लागतो, हरलेल्यालाही, आणि तो न दिल्यास तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढवता येत नाही.