दाराचं रेक्झिन सुटलंय. चारही पॅड नवे घ्यावेत का?

प्रश्न: माझ्या गाडीला १३ वर्षं झाली. इंजिन उत्तम आहे, पण दारांची आतली बाजू खराब झाली आहे. चालकाच्या दाराचं रेक्झिन वरच्या कडेला सुटलंय, आर्मरेस्टचा फोम बाहेर आलाय, पॅडची, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणाची, खालची कड फुगलीय. पाऊस झाला की त्या बाजूचं पायाखालचं मॅटिंग ओलसर लागतं. बाकीची तीन दारं नुसती विटली आहेत. कंपनीच्या चार नव्या पॅडचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या सहाव्या हिश्शाएवढा होतो. कुशनचं काम करणारा कारागीर त्याच्या एक तृतीयांश पैशांत चारही दारांना नवं रेक्झिन लावून देतो म्हणतो. घरचे म्हणतात, यात पैसे घालण्यापेक्षा ही विका आणि कर्ज काढून नवी घ्या. आणखी ४ वर्षं ही गाडी वापरायचा माझा विचार आहे. आणीबाणीच्या निधीतून खर्च करू का?

उत्तर:

तुम्ही रेक्झिनबद्दल विचारलंय, पण मी थबकलो ते ओलसर मॅटिंगपाशी. पैशांच्या दृष्टीने तुमच्या दारात दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यांचा हिशेब एकत्र मांडला तर निर्णय चुकेल.

वरच्या कडेचं रेक्झिन सुटतं ते मुख्यतः उन्हाने. बंद गाडी उन्हात तापली की आतला गोंद मऊ पडतो, रेक्झिन आकसतं, खालच्या फोमचा भुगा होतो. दिसायला वाईट, पण यात धोका नाही. वर्षभर तसंच ठेवलंत तरी दुरुस्तीचा खर्च फारसा वाढणार नाही.

खालची फुगलेली कड मात्र पाण्याची खूण असू शकते. काचेच्या रबरपट्टीतून थोडं पाणी दाराच्या पोटात उतरतंच, रचनाच तशी असते. ते दाराच्या तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडतं आणि पॅडमागे चिकटवलेला प्लॅस्टिकचा पडदा ते गाडीत येऊ देत नाही. भोकं चिखलाने बुजली की पाणी तळाशी साचून पत्रा आतून गंजायला लागतो. पडदा फाटला किंवा कडेने सुटला की पाणी पॅडमध्ये मुरतं. जुन्या गाड्यांत पॅडचा पाया बऱ्याचदा हार्डबोर्डचा असतो. तो ओल पिऊन फुगतो आणि मग क्लिपा धरत नाहीत. या दुखण्याला थांबणं परवडत नाही, कारण आज जे काम भोकं मोकळी करण्याचं आणि पडदा नीट चिकटवण्याचं आहे, ते उद्या पत्राकामाचं होतं. पाण्याचा बंदोबस्त न करता कंपनीचे नवे पॅड बसवलेत तर तेही फुगतील.

म्हणून माझा सल्ला: चार नवे पॅड घेऊ नका, गाडीही विकू नका. आधी चालकाचं दार उघडून पाण्याची वाट शोधा, मग त्याच एका दाराचं रेक्झिन बदला. नवं रेक्झिन शेजारच्या विटलेल्या दारापुढे फारच वेगळं दिसत असेल तर पुढची दोन्ही दारं करा. मागच्या दारांना हात लावायचं कारण मला दिसत नाही.

आता आकडे. सहावा हिस्सा म्हणजे गाडीच्या किमतीच्या साधारण १७ टक्के. ४ वर्षांवर वाटले तर वर्षाला ४ टक्क्यांच्या वर जातात. कारागिराकडून चारही दारं केलीत तर वर्षाला दीड टक्क्याच्या आत आणि फक्त पुढची दोन केलीत तर अंदाजे त्याच्या निम्मे. ४ वर्षं रोज हात टेकवायच्या दारासाठी एवढा खर्च मला रास्त वाटतो. मात्र सहा महिन्यांत गाडी विकणार असाल तर पाण्याचं काम सोडून काहीही करू नका. विकताना घातलेले पैसे परत मिळतील, अशी आशाही ठेवू नका. नीटनेटकं दार पाहून गिऱ्हाईक घासाघीस कमी करेल, पण दुरुस्तीच्या खर्चाएवढा भाव वाढवून देणार नाही. हा खर्च स्वतःच्या वापरासाठी आहे, असंच धरा.

घरच्यांचं म्हणणं मला समजतं. रोज फाटकं दार बघून मन उडतं. पण नव्या गाडीची किंमत सुरुवातीच्या वर्षांत सगळ्यात वेगाने घसरते, वर कर्जाचं व्याज आणि वाढलेला विम्याचा हप्ता. तुमच्या गाडीची मोठी घसरण होऊन गेली आहे. इंजिन चांगलं असताना तिला ठेवणं हाच तुमच्याकडचा सगळ्यात स्वस्त प्रवास आहे. विम्याकडून मात्र काही अपेक्षा करू नका, झिजेची भरपाई वाहन विम्यात सहसा नसते.

आणीबाणीच्या निधीला हात लावू नका. सुटलेलं रेक्झिन ही आणीबाणी नाही. पाण्याचं काम या महिन्याच्या घरखर्चातूनही होण्याजोगं असतं. रेक्झिनसाठी २-३ महिने थोडे थोडे पैसे बाजूला काढा. ते थांबू शकतं, म्हणूनच कार्डावर किंवा हप्त्यांवर हे काम करण्यात अर्थ नाही. आणि यापुढे गाडीच्या देखभालीसाठी दरमहा ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाका. १३ वर्षांच्या गाडीला टायर, बॅटरी, सस्पेंशन असं काही ना काही लागणारच.

काम देताना कारागिराला काही गोष्टी स्पष्ट विचारा. जुना गोंद आणि फोमचा भुगा पूर्ण खरवडणार का? त्यावरच नवं रेक्झिन चिकटवलं तर ते टिकत नाही. गोंद उष्णता सोसणारा आहे का? पॅडचा पाया पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा असेल तर आधी प्रायमर लागतो, नाहीतर गोंद धरतच नाही. फुगलेला हार्डबोर्ड बदलणार की तसाच झाकणार? क्लिपा, फोम आणि आतला पडदा सांगितलेल्या पैशांत धरलेत का? जुन्या क्लिपा पॅड काढताना बऱ्याचदा तुटतात, तेव्हा नव्या आधीच आणून ठेवा. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर दारात असतो. तिथे बॅटरीची तार काढूनच काम सुरू व्हावं आणि पडदा जसा होता तसा हवाबंद बसावा, यावर अडून बसा.

भंगारात निघालेल्या तशाच गाडीचा पॅड मिळाला तर तोही चालेल. काचेच्या बटणांचे खाचे जुळतात का आणि वरची कड उन्हाने कडक झालेली नाही ना, हे पाहून घ्या.

पॅड निघाल्यावर दाराचा तळ टॉर्चने स्वतः बघा. वरवरचा गंज असेल तर घासून, गंजरोधक लावून पुढचं काम करा. पत्रा आरपार गेला असेल तर रेक्झिनचं काम तिथेच थांबवा आणि आधी पत्राकामाचा खर्च लेखी घ्या. तो खर्च कंपनीच्या पॅडच्या आकड्याजवळ जात असेल, तरच घरच्यांचा गाडी विकायचा पर्याय पुन्हा विचारात घ्या.