रोजच्या धावपळीत छोट्या छोट्या क्षणांतून आनंद कसा मिळवावा?

आधी मन जागेवर आणावं लागतं. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला फार पटतो. त्यांनी २,२५० लोकांना दिवसात अधूनमधून फोनवर विचारलं: आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय? जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच, आणि तेव्हा लोक कमी आनंदी होते. काम कंटाळवाणं असलं तरीही!

म्हणून रोजचीच एखादी गोष्ट निवडा आणि तेवढा वेळ फोन लांब ठेवा. सकाळचा चहा घ्या: आलं ठेचल्याबरोबर येणारा वास, मग उकळी, मग पहिला घोट. हार्बर लाइनने जात असाल तर वाशीच्या खाडीपुलावर मान वर करा. ओहोटीला चिखलात पक्षी उतरलेले असतात. ताटातली गरम भाकरीसुद्धा चालेल. सगळा दिवस असं जगायला जाऊ नका, दमाल.

मात्र आवडत्या गोष्टीही आठवडेच्या आठवडे बेचव वाटत असतील, तर ते नैराश्य असू शकतं. तेव्हा चहावर भागवू नका, डॉक्टरांना भेटा.