स्वस्तातली मस्टँग की महागडी एम२?

प्रश्न : सेकंडहँड फोर्ड मस्टँग जीटी (२०१७) घ्यावी, की पैसे जमवून बीएमडब्ल्यू एम२? राहायला साताऱ्यात, कास पठारावर नेहमी जाणं-येणं.

उत्तर : इंजिनाआधी टायर बघा. मस्टँगचा मागचा टायर २७५/४० आर१९ (रुंदी २७५ मिमी, भिंत तिच्या ४० टक्के, रिम १९ इंची), म्हणजे रबराची भिंत ११० मिमी. एम२चा २८५/३० आर२०, म्हणजे जेमतेम ८५. कासच्या वाटेवरच्या यवतेश्वर घाटात पावसाळी खड्ड्यात चाक आदळलं की ही फरकाची २५ मिमीच रिम वाचवते. दोन्ही गाड्यांचे पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे, त्यामुळे अदलाबदल विसरा.

वळणांवर मात्र एम२ सरस, त्यात वाद नाही. तीन लिटर, सहा सिलिंडर, दोन टर्बो. शिवाय सहा गिअरचा मॅन्युअल मिळतो. मस्टँग तिच्यापेक्षा लांब. तिची मजा पाच लिटर व्ही८च्या आवाजात आणि हायवेवर.

मस्टँग घेताना लिफ्टवर चढवून पोट तपासा : पुढच्या बंपरखाली आणि एक्झॉस्टवर घासल्याच्या खुणा असतात. टायरवरचा चार आकडी कोडही वाचा; ‘२३१७’ म्हणजे २०१७चा तेविसावा आठवडा. इतके जुने टायर नक्षी शाबूत असली तरी कडक होतात आणि ओल्या रस्त्यावर मागचं चाक सटकतं. चारही बदलायचा खर्च किमतीतून वळता करून घ्या. फोर्डने इथलं उत्पादन थांबवलंय, तेव्हा सुटे भाग किती दिवसांत येतात ते आधी विचारा.

आमचा कौल? जाड भिंतीच्या टायरमुळे कासच्या रस्त्यासाठी मस्टँग.