मणक्यातील गाठीची वेदना आणि किरणोपचार

प्रश्न : स्तनाचा कर्करोग आईच्या कमरेच्या मणक्यात पसरला आहे आणि वेदनेमुळे तिला पाठ टेकता येत नाही. दोन सिटिंगची अचूक सिकाई (किरणोपचार) नेहमीच्या सिकाईपेक्षा खरोखर चांगली असते का? (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : निवडक रुग्णांत असते. मज्जारज्जू गाठीपासून अवघ्या काही मिलिमीटरवर असल्याने या पद्धतीत एमआरआय आणि सीटीच्या प्रतिमा एकमेकींवर बसवून त्याची सीमा आखतात, आणि अनेक दिशांनी येणारे किरण गाठीवर एकवटून मज्जारज्जूला जपतात. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडा-ऑस्ट्रेलियातील चाचणीत 2 सिटिंगमध्ये 24 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा घेतलेल्या 35 टक्के रुग्णांची वेदना तीन महिन्यांनी पूर्णपणे थांबलेली होती. 5 सिटिंगमध्ये नेहमीच्या पद्धतीने 20 ग्रे घेतलेल्यांत हे प्रमाण 14 टक्के होते. मात्र अमेरिकेतील एका चाचणीत एकाच सिटिंगमधील अचूक 16 किंवा 18 ग्रे मात्रा साध्या 8 ग्रेपेक्षा सरस ठरली नाही. म्हणून, ज्यांना तासभर निश्चल पडणेही असह्य होते, त्यांना केवळ यंत्राच्या नावासाठी मुंबईचा प्रवास घडवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 8 ग्रेची एकच साधी सिटिंगही बहुतेकांना दिलासा देते.

प्रश्न : सिकाईच्या दुसऱ्याच दिवशी वडिलांचे दुखणे वाढले. उपचार फसला का? (रामबाग, इंदूर)

उत्तर : नाही. पहिल्या काही दिवसांत वेदना तात्पुरती उसळू शकते. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ती बहुधा आटोक्यात येते, पण ते डॉक्टरांना विचारूनच द्यावे. खरा आराम पडायला दोन ते चार आठवडे लागू शकतात, तोवर मॉर्फिन आपल्या मनाने बंद करू नये. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उठता-बसताना एकाएकी तीव्र कळ आली, तर मात्र मणका खचल्याची तपासणी करावी, कारण मोठ्या मात्रेनंतर तो धोका असतो.

प्रश्न : सिकाई झालेल्या आजोबांनी नातवंडांना जवळ घ्यावे का? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : अवश्य घ्यावे. बाहेरून दिलेले किरण शरीरात उरत नाहीत.

प्रश्न : काकांचे पाय दोन दिवसांपासून जड पडले आहेत आणि लघवीही अडते. गणपती उठेपर्यंत थांबलो तर चालेल का? (इंदूर)

उत्तर : एक दिवसही थांबू नका. ही मज्जारज्जू दबल्याची लक्षणे आहेत. आजच एमआरआय करून स्टेरॉइड सुरू करावे लागेल, आणि आधी शस्त्रक्रिया करायची की थेट किरणोपचार द्यायचे, हे तज्ज्ञ ठरवतील. उपचारांच्या वेळी चालू शकणारे बहुतेक रुग्ण पुढेही चालतात, परंतु एकदा पाय पूर्ण गेले की ते परत येणे कठीण असते. काकांना आडवे ठेवूनच न्या, आणि रात्र झाली असली तरी निघा.