गोपनीय व्हर्च्युअल मशीन दुप्पट मेमरी का खाते?

प्रश्न : कोल्हापुरात उद्यमनगरातील आमच्या सर्व्हरवरून शिरोली एमआयडीसीतील काही फाउंड्रींना आम्ही व्हर्च्युअल मशीन भाड्याने देतो. कास्टिंगची ड्रॉइंग आमच्याही नजरेस पडू नयेत, अशी एका ग्राहकाची अट असल्याने एएमडीच्या एसईव्ही-एसएनपी या, मशीनची मेमरी सर्व्हरच्या मालकापासूनही लपवणाऱ्या प्रोसेसर-सुविधेवर १६ जीबीचे गोपनीय मशीन उभे केले. ते सुरू होताच होस्टवर (म्हणजे आमच्या मूळ सर्व्हरवर) १६ जीबी मेमरी खर्ची पडते आणि नंतर हा आकडा हळूहळू ३२ जीबीच्या जवळ जातो. प्रत्येक प्रक्रियेची मेमरी दाखवणाऱ्या ‘टॉप’मध्ये मात्र मशीन चालवणाऱ्या क्यूएमयू या प्रोग्रामच्या नावावर १६ जीबीच राहतात. ही मेमरीची गळती आहे का? आणि ‘तुमचे काहीही आम्हाला दिसत नाही’ असे ग्राहकाला लिहून द्यावे का?
— एक सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, कोल्हापूर

उत्तर : ही गळती नाही. लिनक्स ६.८ पासून (मार्च २०२४) केव्हीएममध्ये, म्हणजे लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या भागात, गोपनीय गेस्टच्या (आत चालणाऱ्या मशीनच्या) प्रत्येक पत्त्यामागे मेमरीचे दोन स्रोत असू शकतात. सामायिक पेज (होस्टलाही वाचता येणारा मेमरीचा छोटा तुकडा) नेहमीच्या, क्यूएमयूने मॅप केलेल्या मेमरीतून येते. खासगी पेज, म्हणजे फक्त गेस्टला वाचता येणारा तुकडा, ‘गेस्ट-मेमएफडी’ या वेगळ्या फाइलमधून येते आणि ती फाइल क्यूएमयूच्या पत्त्यांत मॅपच केलेली नसते. त्यामुळेच खासगी बाजूचा खर्च ‘टॉप’मध्ये त्या प्रक्रियेच्या नावावर चढत नाही. एका वेळी एका पत्त्यासाठी दोहोंपैकी एकच बाजू वापरात असते. पेज एका बाजूकडून दुसरीकडे गेले की क्यूएमयूने जुन्या बाजूची मेमरी मोकळी करायची, असा हा व्यवहार आहे.

आपल्या वर्णनावरून, क्यूएमयूच्या मेमरी-बॅकएंडला सगळी मेमरी आधीच वाटून ठेवण्याची सूचना, म्हणजे ‘प्रीॲलॉक’, दिलेली असावी. साध्या मशीनसाठी ती सवय चांगली. येथे मात्र तिच्यामुळे सामायिक बाजूचे १६ जीबी सुरुवातीलाच भरून जातात आणि क्यूएमयू गेस्टची मेमरी आरंभापासून खासगीच धरत असल्याने त्यांतील बहुतेक पेजचे रूपांतर कधी होतच नाही, म्हणून ती मोकळीही होत नाहीत. दुसरीकडे गेस्ट जसजसा नवी पेज स्वीकारतो (वापरण्यापूर्वी आपली म्हणून मान्य करतो) तसतशी खासगी बाजू भरत जाते, कारण लिनक्स ६.५ पासून गेस्टला सगळी मेमरी बूटच्या वेळीच स्वीकारावी लागत नाही. आकडा हळूहळू चढतो तो यामुळे. ती सूचना काढून मशीन पुन्हा सुरू करावे. सामायिक बाजूला ह्यूजटीएलबीचा (मोठ्या आकाराच्या पेजचा) राखीव साठा देणेही टाळावे. तो रूपांतराच्या वेळी मोकळा केला जात नाही, त्यामुळे दुहेरी खर्च कायम राहतो.

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. कोणते पेज खासगी ठेवायचे आणि कोणते सामायिक करायचे, हे गेस्ट आपल्या पेज टेबलातील एका बिटाने ठरवतो आणि होस्टला तसा बदल करण्याची विनंती करतो. खासगी पेज होस्टने वाचले तरी हाती एन्क्रिप्ट झालेला मजकूरच लागतो, आणि त्यावर लिहिण्याचा प्रयत्न प्रोसेसर पेजच्या मालकीचा तक्ता पाहून रोखतो. पण डिस्क आणि नेटवर्क ही आभासी उपकरणे होस्ट चालवतो व त्याला खासगी मेमरी वाचता येत नाही, म्हणून गेस्ट प्रत्येक देवाणघेवाण ‘बाउन्स बफर’ नावाच्या सामायिक पट्ट्यातून करतो. लिनक्स गेस्ट यासाठी आपल्या मेमरीचा ६ टक्के भाग, कमाल १ जीबीपर्यंत, राखून ठेवतो. आपल्या गेस्टचा बूट-लॉग पाहिल्यास हा आकार ९८३ एमबीच्या आसपास आढळेल.

ड्रॉइंगची फाइल डिस्कवर जाताना याच पट्ट्यातून जाते. गेस्टच्या आत डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर ती फाइल या पट्ट्यात आणि पुढे आपल्या डिस्कवर जशीच्या तशी उघडी असते. एसएनपी तिचे रक्षण करत नाही. म्हणून गेस्टमध्ये लक्स (लिनक्सचे डिस्क-एन्क्रिप्शन) बसवावे, त्याची किल्ली ग्राहकाने अटेस्टेशन अहवाल (मशीन खरोखर एसएनपीखाली सुरू झाल्याचा प्रोसेसरने सही केलेला दाखला) तपासल्यावरच गेस्टला द्यावी, आणि नेटवर्कवर टीएलएस (वाटेतील मजकूर एन्क्रिप्ट करणारी पद्धत) असावे. उलट दिशेनेही जपावे लागते : सामायिक पेजमधील मजकूर होस्ट केव्हाही बदलू शकतो, त्यामुळे गेस्टमधील ड्रायव्हरने तो आधी खासगी मेमरीत उतरवून घ्यावा आणि मगच तपासावा, जागच्या जागी तपासून पुन्हा तेथूनच वाचणे घातक आहे.

ग्राहकाला लिहून द्यायचे तर इतकेच द्यावे, की गेस्टची खासगी मेमरी आम्हाला वाचता येत नाही. डिस्क व नेटवर्कवर जाणारा मजकूर गेस्टमध्येच एन्क्रिप्ट करणे आवश्यक आहे आणि त्याची किल्ली आमच्याकडे नसेल.

प्रश्न : होस्टवर स्वॅप (रॅम अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरील जागा) वाढवून एकाच सर्व्हरवर अधिक गोपनीय मशीन बसवता येतील का?
— एक विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : नाही. गेस्ट-मेमएफडीमधील खासगी पेज होस्टला स्वॅपमध्ये टाकता येत नाहीत; स्वॅपचा उपयोग फक्त सामायिक बाजूला होतो. सर्व गेस्टना कबूल केलेल्या मेमरीची बेरीज, त्यावर होस्टची स्वतःची गरज आणि एसएनपीच्या मालकी-तक्त्यासाठी दर ४ केबीच्या पेजमागे १६ बाइट, एवढी प्रत्यक्ष रॅम सर्व्हरमध्ये असेल तरच पुढचे मशीन सुरू करावे.